रीबससुद्धा तळमजल्यावर आला

ती. बाबा आणि आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बोलायला गेलं की आपले तिघांचेही आवाज चढतात, म्हणून लिहितेय. बाबा, आधी शेवटपर्यंत वाचा, मग चिडा.

आपल्याच इमारतीतल्या तळमजल्यावरच्या ब्लॉकचा करार झाला. अकरा महिन्यांचा आहे, डिपॉझिट दादाने भरलं, भाडं मी देणार. तुम्हाला आधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर 'गणपती होऊ देत', मग 'दिवाळी होऊ दे', मग 'आता ऐन थंडीत कुठे' असं करत आपण पुढच्या पावसाळ्यात पोचलो असतो. अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टर 'जिने कमी करा' म्हणाले, तेव्हा 'बंद करा असं नाही म्हणाले' हा तुमचा युक्तिवाद. आणि जूनमध्ये दुसऱ्या मजल्याच्या लँडिंगवर बसलात, वर आईला सांगितलंत की पेपर वाचत होतो. संध्याकाळी सात वाजता? तिथला दिवा महिनाभर गेलेला असताना? जन्मभर रहस्यकथा वाचून इतकी कच्ची ॲलिबी!

आता माझा साक्षीदार आणते. इयन रँकिनचा इन्स्पेक्टर रीबस. १९८७ साली पहिलं पुस्तक आलं तेव्हापासून हा माणूस एडिंबरात पितोय, वरिष्ठांशी भांडतोय, आणि मुख्य म्हणजे पुस्तकागणिक म्हातारा होतोय. आपल्याकडच्या डिटेक्टिव्हांसारखा वर्षानुवर्षं तिशीत राहत नाही. २०२०च्या 'अ साँग फॉर द डार्क टाइम्स'मध्ये तो रिटायर झालेला आहे, फुप्फुसं कामातून गेलेली, सीओपीडी. आणि पुस्तकाच्या सुरुवातीलाच तो काय करतो? आर्डन स्ट्रीटवरच्या त्याच इमारतीत वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर राहायला येतो. जिने झेपत नाहीत म्हणून! खोकी नीट उघडलेलीही नसतात, तेवढ्यात मुलीचा फोन येतो की तिचा जोडीदार बेपत्ता आहे. की हा गडी सामान शिवॉन क्लार्क या जुन्या सहकारी पोलीस बाईच्या गळ्यात टाकून गाडी काढतो आणि थेट स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला. तळमजल्यावर आला म्हणून त्याचं काही अडलं नाही. तुमचं अडेल?

(तुम्ही गाडी काढायची नाही. ते फक्त रीबसने.)

हे पुस्तक खोक्यात सगळ्यात वर ठेवलंय. खोकं गुरुवारपर्यंत येईल. कुरिअरवाल्याला वर बोलवायचं, आपण खाली उतरायचं नाही. तो कुरकुरला तर मला फोन लावून द्या.

आधी तुमच्या शंका संपवते, मग बाकीची पुस्तकं. आई, ओल नाही. मी जुलैत मुद्दाम भर पावसात येऊन बघितलं, बेडरूमच्या भिंतीला हात लावून बघितलं, कोरडी आहे. बाथरूमच्या मागच्या भिंतीला थोडी होती, ती मालकांनी वॉटरप्रूफिंग करून घेतली. ओटा आपल्यापेक्षा बोटभर खाली आहे, तुझ्या खांद्याला बरंच. गॅलरीत अकरापर्यंत ऊन असतं, म्हणजे तुळस, पापड, कुरडया आणि बाबा सगळे सुकतील. रस्त्यावरून आत दिसतं म्हणालीस, त्यासाठी अर्धे पडदे शिवायला टाकलेत, खालून बंद, वरून उजेड. मच्छरजाळी बसली. सेफ्टी डोअर बसलं. गिझर आपलाच काढून आणायचा, नवा नको, तुला त्याची सवय आहे. पाण्याची वेळ तीच, दूधवाला तोच, खालच्या बाकावरची मंडळीही तीच. उलट आता त्यांचं बोलणं गॅलरीतूनच ऐकू येईल, तुला खाली जायचं कारण उरणार नाही. हे शेवटचं तुला फार आवडणार नाही, पण जात जा गं, गुडघ्याला तेवढं चालणं हवंच.

आता पुस्तकांचं. बाबा, तुमचा खरा राग कशावर आहे ते मला ठाऊक आहे. खाली एक खोली कमी आहे आणि चार कपाटं मावणार नाहीत. ऐका. वरचा ब्लॉक आपण भाड्याने देत नाही आहोत. कपाटं तिथेच राहतील, जिथल्या तिथे, अर्नाळकर वरच्या कप्प्यात, शिरवळकर मधे, धारप खाली माझ्या हाताला लागणार नाहीत असे... नाही, ती जागा उलटी होती. धारप सगळ्यात वर असायचे, कारण मी रात्री घाबरून तुमच्या दोघांच्या मधे येऊन झोपायचे. आणि शेवटचं प्रकरण मी आधी वाचू नये म्हणून तुम्ही त्या पानांना टाचणी लावून ठेवायचात. लायब्ररीच्या पुस्तकाला टाचणीची भोकं पडली म्हणून काका ओरडले, तेव्हा तुम्ही पट्टीने कागद कापून त्याचा पट्टा चिकटवायला लागलात, डिंक अगदी कडेला, पुस्तक खराब होणार नाही असा. तो पट्टा मी कधीच फाडला नाही. आई मात्र अजून शेवटचं पान आधी वाचते, आणि तिला तुम्ही एका शब्दाने बोलत नाही.

दर रविवारी शेजारचा मुलगा तुमची चिठ्ठी घेऊन वर जाईल आणि पुस्तकं खाली आणेल. त्याच्याशी बोलणं झालंय. त्याला वाचायची आवड लागली तर तुमचं भाग्य. तुम्ही वर जायचं नाही, 'एकच पुस्तक तर काढायचं होतं' म्हणूनही नाही.

खोक्यात काय आहे ते सांगते. वासीम खानची दोन. 'मिडनाइट ॲट मलबार हाउस'मध्ये १९४९ची ३१ डिसेंबरची रात्र आहे, मुंबईत एका बड्या इंग्रजाच्या घरी पार्टी चालू असताना खून होतो, आणि तपास येतो पर्सिस वाडियाकडे. देशातली पहिली बाई पोलीस इन्स्पेक्टर, कादंबरीतली अर्थात, आणि म्हणूनच नको असलेल्या लोकांच्या पोलीस स्टेशनात टाकलेली. प्रजासत्ताक व्हायला महिनाही उरलेला नाही, फाळणीची धग गेलेली नाही, तो काळ त्याने चांगला पकडलाय. या पुस्तकाला २०२१ साली ऐतिहासिक गुन्हेकथेचा डॅगर पुरस्कार मिळाला. पण तुम्हाला त्याचं दुसरं जास्त आवडेल, 'द डाइंग डे'. त्यात एशियाटिक सोसायटीतून दांतेचं दुर्मिळ हस्तलिखित नाहीसं होतं. म्हणजे तुम्ही लंच टाइममध्ये ज्या पायऱ्यांवर डबा खायचात, त्याच. कोडी आणि संकेत जरा जास्त झालेत, मला मधे दम लागला. तुम्ही पेन्सिल घेऊन बसाल. पर्सिसचे वडील सॅम व्हीलचेअरवर असतात, पुस्तकाचं दुकान चालवतात आणि मुलीचं एक ऐकत नाहीत. हे वाचताना मी कोणाचा चेहरा डोळ्यांपुढे आणला असेल?

हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' मात्र सगळं बाजूला ठेवून वाचा. जपानमध्ये २००५ला आलं, तिकडचा नाओकी पुरस्कार मिळाला, इंग्रजीत २०११मध्ये आलं. खून कोणी केला हे पहिल्या काही पानांतच कळतं, आपल्या डोळ्यांदेखत होतो. शेजारच्या खोलीत राहणारा गणिताचा मास्तर, इशिगामी, ते सगळं निस्तरायला घेतो. खून जिच्या हातून होतो ती बाई जेवणाचे डबे विकणाऱ्या दुकानात काम करते आणि हा रोज सकाळी तिथून डबा घेतो, बाकी काही बोलत नाही. एवढंच. 'कोणी' हा प्रश्न काढून टाकला तर रहस्यकथेत काय उरतं, असं तुम्ही विचाराल. उरतं ते इतकं आहे की मी शेवटची वीस पानं बसमध्ये वाचली आणि माझा स्टॉप गेला. हिंदी सिनेमा 'जाने जान' यावरच काढलाय, करीना कपूरचा, २०२३चा. तो आधी बघायचा नाही. आई, तूसुद्धा नाही.

मुद्दाम न पाठवलेलं एक सांगून ठेवते, कारण तुमचा मित्र नक्की त्याचं कौतुक करेल: 'द सायलेंट पेशंट'. नवऱ्याला गोळ्या घालून गप्प झालेली चित्रकार बाई. २०१९मध्ये आलं आणि जो तो तेच वाचत होता. कलाटणी छान बेतलीय, पण तिच्या पलीकडे पुस्तकात जीव नाही. त्यांच्याकडून उसनं आणून वाचा, आपले पैसे नकोत.

आई, तुझ्यासाठी वेगळी पिशवी आहे. पहिलं 'द थर्सडे मर्डर क्लब', रिचर्ड ऑस्मनचं. इंग्रजी सोपं आहे, घाबरू नकोस. केंटमधल्या निवृत्तांच्या वसाहतीतली चार म्हातारी माणसं दर गुरुवारी जमून न उलगडलेले जुने खून उकलतात. एक जण युनियनचा माजी पुढारी आहे, रॉन, तो बाबांना वाचून दाखव. पण तुझी मैत्री होणार ती जॉइसशी. ती रिटायर्ड नर्स आहे, केक करते, डायरी लिहिते आणि त्या डायरीत स्वतःच्या मुलीला इतक्या गोड शब्दांत चिमटे काढते की मी वाचताना दोनदा पुस्तक मिटून ठेवलं. तू कधी डायरी लिहिलीस तर मला दाखवू नकोस. मालिकेतली पहिली तीन पाठवलीत. चौथं, 'द लास्ट डेव्हिल टू डाय', मागे ठेवलंय. चांगलंच आहे, कदाचित सगळ्यात चांगलं, पण त्यात एकाची आठवण हळूहळू पुसत जाते. नानामामांचं इतक्यातच झालंय. पुढे कधी वाटलं तर माग, मी लगेच पाठवेन.

आणि 'रेत समाधि', मूळ हिंदीतच. अनुवाद मुद्दाम घेतला नाही. तीस वर्षं हिंदी शिकवलंस, आता तुझी पाळी वाचायची. गीतांजली श्रींचं हे पुस्तक २०१८चं, आणि २०२२ला त्याच्या इंग्रजी अनुवादाला आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. भारतीय भाषेतल्या पुस्तकाला पहिल्यांदाच. ऐंशी वर्षांची आई नवरा गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहते, उठायलाच तयार नाही. लगेच नाक मुरडू नकोस. ती उठते, आणि उठल्यावर जे काय करते त्याला तोड नाही. मुलाच्या घरून मुलीच्या घरी जाते, मग सीमा ओलांडून पाकिस्तानात. भाषा मधेच खेळायला लागते, वाक्यं भरकटतात, पहिली पन्नास पानं धीर धर. (आणि मुलीच्या घरी जाण्यावरून मी काही सुचवत नाहीये. बंगळूरला या असं म्हणणं मी मागच्या दिवाळीलाच सोडलंय. म्हणजे, या कधीतरी.)

दोघांसाठी मिळून एक मराठी: कृष्णात खोतांचं 'रिंगाण'. २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. धरणाने उठवलेलं गाव आणि मागे राहिलेल्या, रानटी होऊन गेलेल्या म्हशी. थ्रिलर कोणी म्हणणार नाही, पण माणूस विरुद्ध म्हैस असा जो काही पाठलाग आहे त्यात माझ्या मुठी घट्ट झाल्या होत्या. बाबा, तुम्ही लगेच म्हणाल, 'आम्हालाही विस्थापित करताय आणि वर हे पुस्तक पाठवताय.' म्हणा. तीन मजले खाली आहे, बाबा. दारातून तोच गुलमोहर दिसतो, फक्त आता शेंड्याऐवजी बुंधा.

किंडलचं बोलायचं राहिलं. मोतीबिंदूनंतर बारीक टाइप नको म्हणालेत, म्हणून घेतलंय. अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मी वरची सगळी इंग्रजी पुस्तकं त्यातही घातली आहेत, म्हणजे कागदावर त्रास झाला तर तिथे वाचा. झोपून वाचायचं नाही. थेंब टाकल्यावर लगेच वाचायचं नाही. जिभेखालची गोळी शर्टाच्या खिशात, ड्रॉवरमध्ये नाही. पुस्तक रंगलं म्हणून रात्रीची गोळी चुकवायची नाही. आई, हे तू बघायचंस, आणि तुझं कोण बघणार तर मी, रोज साडेनऊला फोन करून.

शनिवारी सकाळी नऊला पॅकर्सवाले येतील. दादा आदल्या रात्रीच नाशिकहून पोचतोय. देव आणि तुझे मसाल्याचे डबे आधी खाली न्यायचे, बाकीचं त्यांना करू द्या. बाबांनी फक्त खाली खुर्चीत बसून 'हळू, हळू' म्हणायचं आहे. आणि रीबस वाचायला घ्यायचा.

मी पुढच्या महिन्यात येते आहे, चार दिवस.

तुमची,
छोटी

ता. क. आई, हिगाशिनोचं शेवटचं पान तू वाचणारच, मला माहितेय. वाच. पण बाबांचं होईपर्यंत चेहऱ्यावर काही दाखवू नकोस, ते तुझ्या चेहऱ्यावरूनच ओळखतात.