आमच्या ग्रंथपाल ताईंना जाहीर पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार.

दर महिन्याच्या सुरुवातीला वाचनालयाच्या फळ्यावर तुमचं दोन पानी पत्रक लागतं. नवीन काय आलं, कशाची पुन्हा आवृत्ती निघाली, कुणाला कशासाठी पुरस्कार मिळाला आणि मग तुमच्या शिफारशी. हे काम कुणी तुमच्यावर सोपवलेलं नाही. तुम्ही ते स्वतःच्या वेळात करता आणि खाली नावही घालत नाही. म्हणूनच हे आभार चारचौघांत मानायचे आहेत.

कुणी ‘काहीतरी चांगलं द्या’ म्हणत आलं की तुम्ही लगेच कपाटाकडे वळत नाही. आधी विचारता, ‘अलीकडे कुठलं पुस्तक संपू नये असं वाटलं? त्यातलं काय आवडलं?’ या प्रश्नामागे काय आहे ते तुमच्याच पत्रकातून कळलं. सिॲटलच्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांची मांडणी तुम्ही त्यात समजावली होती. पुस्तकात शिरायला चार दारं असतात : गोष्ट, माणसं, परिसर आणि भाषा. एकच कादंबरी दोघांना आवडते, पण एकाला पुढे काय होतं याची ओढ असते आणि दुसऱ्याच्या मनातून त्यातली आजी जात नाही. त्या दोघांना पुढचं पुस्तक एकच कसं चालेल? आपल्याकडच्या एका काकांना सगळे रहस्यकथाच देत राहिले, कारण ते रहस्यकथाच मागायचे. तुम्ही त्यांना बोलतं केलंत, तेव्हा लक्षात आलं की खुनी कोण याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नाही. धुक्यातली बंदरं, जुने वाडे, अनोळखी गल्ल्या यांच्यासाठी ते वाचतात. तुम्ही त्यांच्या हातात एक प्रवासवर्णन ठेवलंत. आता प्रवासवर्णनांच्या कपाटासमोरून ते हलत नाहीत.

तुमच्या शिफारशींवर इतका विश्वास बसण्याचं कारण म्हणजे त्यांत ‘अप्रतिम’ आणि ‘वाचलंच पाहिजे’ हे शब्द नसतात. त्याऐवजी असं असतं : ‘सुरुवात फार संथ आहे, घाईत असाल तर नंतर घ्या.’ ‘हा संक्षिप्त अनुवाद आहे.’ ‘अनुवाद मूळ भाषेतून नाही, इंग्रजीवरून केलेला आहे.’ ‘घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर आत्ता नको.’ पुस्तकाच्या मलपृष्ठावर यातलं एकही वाक्य कधी छापलं जात नाही, आणि वाचकाला नेमकं तेच हवं असतं. पुस्तक कुणासाठी नाही हे सांगणारा माणूस मिळणं फार दुर्मीळ आहे, ताई.

पर्ल यांचाच आणखी एक नियम तुम्ही छापलात, त्याने अनेकांना मोकळं केलं. पन्नास पानं वाचून पाहा, मन लागलं नाही तर खुशाल सोडा. पन्नाशी ओलांडली असेल तर शंभरातून वय वजा करा आणि उरतील तेवढीच पानं वाचा. म्हणजे सत्तरीच्या माणसाला तीस पानं पुरेत. हाती घेतलेलं पुस्तक तडीस न्यायलाच हवं असं मानून वर्षानुवर्षं एकाच जाडजूड ग्रंथापाशी अडकलेली माणसं आपल्यात होती. ती परत वाचायला लागली.

पुरस्कारांच्या बातम्याही तुम्ही नुसत्या उतरवून घेत नाही. इंग्रजीत अनुवादित पुस्तकांना मिळणारा आंतरराष्ट्रीय बुकर पुरस्कार २०२२ मध्ये हिंदी कादंबरीला आणि २०२५ मध्ये कन्नड कथासंग्रहाला मिळाला, तेव्हा लेखिकेइतक्याच ठळक अक्षरात तुम्ही अनुवादिकेचं नाव लिहिलंत आणि या पुरस्काराची रक्कम दोघींत समसमान वाटली जाते हेही सांगितलंत. तेव्हापासून मी पुस्तक उघडलं की अनुवादकाचं नाव आधी शोधते.

आता ज्यासाठी हे पत्र मुख्यतः लिहिते आहे, ते सांगते. माझ्या आईला कंपवात आहे. पुस्तक हातात धरवत नाही, पान उलटत नाही. तिने वाचन सोडलं तेव्हा आम्ही घरच्यांनी वयाकडे बोट दाखवलं. तुमच्या एका पत्रकात माराकेश कराराची माहिती आली. २०१३ साली झालेला हा करार दृष्टिहीनांसाठी पुस्तकांच्या सुगम प्रती (ब्रेल, ध्वनिमुद्रित वगैरे) कॉपीराइटधारकाच्या परवानगीशिवाय तयार करायची मुभा देतो, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण ज्यांना शारीरिक अडचणीमुळे पुस्तक धरता येत नाही तेही त्यात येतात, ही ओळ तुम्ही अधोरेखित केली होती. दुसऱ्याच दिवशी मी तुमच्याकडे आले. कोणती कागदपत्रं लागतील, दृष्टिहीनांसाठीच्या ग्रंथालयाशी कसं बोलायचं, हे तुम्ही शांतपणे सांगितलंत. शिवाय आईला फोन करून तिच्याशी तुम्ही बराच वेळ पुस्तकांविषयी बोललात. निवेदकाचा आवाज पुरुषाचा हवा की बाईचा, हेसुद्धा विचारलंत. आता दुपारी तिच्या खोलीतून पुस्तक ऐकू येतं, आणि संध्याकाळी ती मला त्यातली माणसं चुकीची कशी वागली ते सांगते. माझी आई मला अशी परत मिळाली. याचे आभार कसे मानायचे?

‘प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’, ही ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतली दोन सूत्रं. पहिल्यासाठी तुम्ही किती धडपडता ते वर लिहिलंच. दुसऱ्यासाठी पत्रकाच्या तळाशी तुम्ही दर वेळी एक असं पुस्तक देता, जे कित्येक वर्षांत कुणी घरी नेलेलं नाही. ते पुस्तक आठवडाभरात कपाटातून गेलेलं असतं, आणि मग त्याच्यासाठी नंबर लावावा लागतो!

आम्ही काही वाचकांनी आपसात बोलून ठरवलं आहे. तुमची हरकत नसेल तर पत्रक टाइप करणं, मुद्रितं तपासणं आणि ज्यांना वाचनालयापर्यंत येता येत नाही त्यांच्या घरी ते पोहोचवणं आमच्याकडे द्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मी ते वाचून ध्वनिमुद्रित करेन. निवड आणि लेखन तुमचंच राहू द्या, त्यात आम्ही ढवळाढवळ करणार नाही. येत्या शनिवारी वाचनालय बंद व्हायच्या वेळी आम्ही भेटायला येतो, तेव्हा काय ते सांगा.

तुमची,
एक वाचक