आठ दिवस मुक्काम, दोन तास गाडी

पर्वरी,
५ ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्ही सांगितलात तो बेत कागदावर मांडून पाहिला: जानेवारीत गुलमर्गला चार दिवस, मग मार्चमध्ये पुन्हा चार दिवस, म्हणजे बर्फावरची गाडी (स्नोमोबाइल) दोनदा चालवायला मिळेल. हा बेत बसत नाही. चार दिवसांतला पहिला मोप विमानतळ ते श्रीनगर जाण्यात संपतो, मधे दिल्ली किंवा मुंबईला विमान बदलायचं असतं. दुसरा वर गुलमर्गला चढण्यात आणि अंगाला तिथली हवा सोसवण्यात जातो. चौथ्या दिवशी खाली उतरून परत विमान. उरतो एक दिवस, आणि त्याच दिवशी बर्फ पडत राहिला तर तोही गेला. दोन खेपांचे मिळून गाडीचे दिवस दोन, तिकिटं मात्र चार माणसांची. तेच आठ दिवस एका दमात घातले तर वर पूर्ण चार दिवस मिळतात. म्हणून खेप एकच करा आणि मुक्काम वाढवा. गाडीवरची प्रत्येक फेरी मात्र तुमच्या मनात आहे त्यापेक्षा पुष्कळ लहान हवी.

गुलमर्ग साधारण २६५० मीटर उंचीवर आहे. डिचोली समुद्रापासून कितीशी उंच ते तुम्हाला ठाऊकच आहे. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की काहींना डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, रात्री झोप न येणं असं सुरू होतं. वयाशी किंवा ताकदीशी त्याचा फारसा संबंध नाही, धडधाकट माणसालाही होतं. श्रीनगर सोळाशे मीटरच्या आसपास आहे, म्हणून पहिली रात्र तिथे काढायची. एवढ्या उंचीची सवय शरीर चार-सहा दिवसांत थोडीफार करून घेतं, पण गोव्यात परतल्यावर दोनेक आठवड्यांत ती सवय जाते. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या खेपेला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दोन खेपांचा बेत मोडण्याचं हे दुसरं कारण.

तारखा. २६ जानेवारीची जोडून सुट्टी नको. एक तर गर्दी. शिवाय २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस ज्याला काश्मिरी लोक चिल्लई कलां म्हणतात तो कडाक्याचा काळ असतो, आणि धुक्याने किंवा बर्फाने श्रीनगरची विमानं तेव्हा वरचेवर अडकतात. मार्चमध्ये तुमचा काजूचा हंगाम आणि शिगमो, त्यामुळे तो महिना तसाही गेला. माझ्या मते फेब्रुवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा धरावा. तेव्हा बर्फाचा थर सहसा चांगला साचलेला असतो आणि ऊनही जरा तापतं. मात्र गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, त्या आठवड्यात खोल्या मिळत नाहीत. तारखा जाहीर झाल्या की आधी त्या बघू. बर्फ पडेलच असंही धरून चालू नका. २०२४ च्या जानेवारीत बराच काळ गुलमर्ग कोरडं होतं, आणि २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून त्या स्पर्धाच फेब्रुवारीवरून मार्चवर ढकलाव्या लागल्या. म्हणून हॉटेल असं घ्यायचं जिथे दहा दिवस आधीपर्यंत पैसे परत मिळतात. थोडं महाग पडेल, पडू दे.

दिवस असे लावलेत. पहिला श्रीनगर. दुसऱ्या दिवशी सकाळी टनमर्ग, तिथून वर साधारण १३ किलोमीटरचा घाट. बर्फ असेल तेव्हा चाकांना साखळ्या लावलेल्या स्थानिक गाडीनेच जावं लागतं. श्रीनगरची टॅक्सी वर जाणार म्हणून कोणी पूर्ण भाडं मागितलं तर आधी विचारा, साखळ्या आहेत का. त्या दिवशी बर्फावरच्या गाडीला हात लावायचा नाही. हॉटेलभोवती हळू चालणं, गरम सूप, लवकर झोप. तिसऱ्या दिवशी एकच फेरी, १५ मिनिटांची, दोघांनीही चालकाच्या मागे बसून. चौथ्या दिवशी २० मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे निदान दीड तास विश्रांती. पाचवा दिवस मोकळा. हवा स्वच्छ असेल तर गोंडोल्याने, म्हणजे तिथल्या रोपवेने, कोंगडूरीपर्यंत जा, ते सुमारे ३०८० मीटरवर आहे. वरचा दुसरा टप्पा अफरवतला ३९०० मीटरच्याही वर नेतो. तो तुम्ही दोघांनी सोडायचा, यावर माझ्याशी वाद घालू नका. सहाव्या दिवशी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन फेऱ्या. सातव्या दिवशी श्रीनगरला उतरायचं, कारण वरून थेट विमानतळ गाठायचा बेत एका रात्रीच्या बर्फाने कोसळतो. आठव्या दिवशी घर. मधल्या एखाद्या दिवशी बर्फ कोसळत राहिला तर पाचवा दिवस तिथे सरकवायचा, त्याची फेरी पुढच्या दिवसात कोंबायची नाही.

बेरीज केलीत तर गाडीवर प्रत्येकी दोन तासही होत नाहीत. बाबा, तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी काश्मीर? पण थकवा वेगाने येत नाही, थंडीने आणि धक्क्यांनी येतो. उणे पाच अंशात ताशी २० किलोमीटरने गेलात तर उघड्या कातडीला उणे बाराच्या आसपास लागतं. उणे दहात ताशी ३० ने गेलात तर जवळजवळ उणे वीस. डिचोलीत पारा अठरावर आला की तुम्ही मफलर काढता, तेव्हा हा आकडा फ्रिजवर लावून ठेवा. पहिली वीस मिनिटं मजेची. पुढे अंगठा आखडायला लागतो, खांदे वर येतात, लक्ष सुटतं, आणि पडायची पाळी तेव्हाच येते.

अंगठा म्हणते त्याला कारण आहे. आपल्या स्कूटरला रेस मनगट पिळून द्यायची असते. बर्फावरच्या गाडीला उजव्या हँडलखाली एक छोटा दांडा असतो, तो अंगठ्याने दाबायचा. सोडला की गाडी आपोआप मंदावते. डाव्या हाताला ब्रेक. पुढे दोन पट्ट्या, स्कीसारख्या, हँडल फिरवलं की त्या वळतात. मागे रबराचा रुंद पट्टा फिरतो, तोच गाडी ढकलतो आणि ब्रेकही त्यालाच लागतो, पुढच्या पट्ट्यांना नाही. म्हणून उतारावर ब्रेक दाबून धरला तर मागचा भाग घसरत फिरतो. उतार यायच्या आधीच रेस सोडा, गाडी इंजिनावरच मंदावू दे, मग ब्रेक थोडा थोडा दाबा.

आणि आता जे सांगते ते बाबांनी दोनदा वाचावं. पाय खाली टेकवायचा नाही. पन्नास वर्षं स्कूटर चालवलेल्या माणसाचा पाय गाडी कलंडली की आपसूक बाहेर जातो. ही गाडी दोन-अडीचशे किलोची असते, आणि खाली डांबर नाही, मऊ बर्फ आहे. पाय खोल रुततो, गाडी त्यावर येते, घोटा किंवा गुडघा पिळतो. दोन्ही पाय पायदानावर, वळणात अंग आतल्या बाजूला, आणि गाडी खरंच पडत असेल तर तिला पडू द्यायचं, स्वतः वरच्या बाजूला उतरायचं. उंचवटा दिसला की गुडघे वाकवून बूड सीटवरून किंचित उचला. सीटवर घट्ट बसून उंचवटा घेतला की धक्का सरळ कमरेत, पाठीच्या मणक्यात जातो. तुमच्या कंबरेचा विचार करूनच मी अर्ध्या तासाच्या पुढे गेले नाही.

फेरी लांबवू नये याचं गाडीच्या बाजूनेही एक कारण आहे. पाण्याने थंड होणारी इंजिनं असतात त्यांची उष्णता मागच्या पट्ट्याने उडवलेल्या बर्फावर निघते, आणि पट्टा ज्या प्लास्टिकच्या सरींवर घासतो त्यांनाही बर्फाचाच ओलावा वंगणासारखा लागतो. बर्फ पातळ असला, किंवा सकाळी कडक काचेसारखा असला, की इंजिन तापतं, सरी झिजतात, डॅशबोर्डवर लाल दिवा लागतो. असा दिवा लागला किंवा जळक्या रबराचा वास आला तर थांबा, मऊ बर्फात गाडी नेऊन बंद करून दहा मिनिटं उभी ठेवा. मध्येच डांबर किंवा चिखल दिसत असेल त्या दिवशी फेरीच नको. म्हणून वेळ साडेदहा ते तीन. त्याआधी काच, त्यानंतर ऊन उतरून वितळलेलं पुन्हा गोठायला लागतं.

बसण्याआधी पाच गोष्टी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. रेसचा दांडा दाबून सोडल्यावर टपकन मागे येतो का. ब्रेक धरतो का. मनगटाला किंवा जाकिटाला अडकवायची बंद-दोरी आहे का. माणूस पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. ही नसेल तर ती गाडी घेऊ नका, चालक कितीही गोड बोलला तरी. हेल्मेट तुमच्या मापाचं आहे का. आणि पैसे फेरीचे आहेत की वेळेचे, एकाचे की दोघांचे, किती अंतर, कुठून परत. 'वरपर्यंत नेतो' याला काही अर्थ नसतो.

आई, तुझं वेगळं. पायलटच्या, म्हणजे आपल्या भाड्याच्या मोटरसायकलवाल्याच्या, मागे तू एका बाजूला पाय सोडून बसतेस तसं इथे चालणार नाही. दोन्हीकडे पाय, चालकाच्या कंबरेला किंवा सीटमागच्या कडीला घट्ट धरायचं. साडी नको, ओढणी नको. मफलरची टोकं जाकिटाच्या आत खोचायची, कारण लोंबणारं कापड मागच्या पट्ट्यात गेलं तर मानच ओढली जाते. आत सुती बनियन किंवा सुती मोजे नकोत, घामाने ओले झाले की अंग गारठतं. लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल आत, मध्ये स्वेटर, बाहेर वारा न शिरणारं जाकीट. जाकीट आणि गमबूट भाड्याने मिळतात. बूट एक नंबर मोठा घ्या. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त फिरत नाही आणि बोटं उलट लवकर गारठतात. काळा चष्मा ढग असले तरी हवा, बर्फावरून परतणारा उजेड डोळे भाजतो. बोट किंवा नाकाचा शेंडा पांढरा पडून बधिर झाला तर चोळू नका, बर्फ तर मुळीच लावू नका. बोट काखेत धरा आणि आत जा. तुझ्या गुडघ्यामुळे दुसऱ्या फेरीला जायचं नसेल तर सरळ नको म्हण, पैसे गेले तरी चालतील.

फेरी थांबवायची कधी: डोकं दुखत असेल, चालताना तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, छातीत दाटल्यासारखं वाटत असेल. पहिल्या खुणेला विश्रांती आणि पाणी. वाढत असेल तर त्याच दिवशी खाली टनमर्ग किंवा श्रीनगर, हॉटेलचे पैसे बुडले तरी. कोरड्या हवेत तहान लागत नाही, म्हणून ठरवून अडीच लिटर पाणी. थंडीत रक्तदाब चढतो, तेव्हा बाबांच्या गोळ्या आणि रक्तदाब मोजायचं यंत्र सोबत, आणि रोज सकाळी नोंद. उंचीची गोळी डायमॉक्स मिळते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही.

पुढच्या वर्षांचं विचारलंत. मला विचाराल तर दर दोन हिवाळ्यांनी एक खेप पुरे, आणि प्रत्येक वेळी आठ दिवसच. पहिल्या खेपेत सहाव्या दिवशी अर्ध्या तासानंतर दुसऱ्या सकाळी कंबर धरली नाही, तर पुढच्या वेळी फेरी ४५ मिनिटांची करू. धरली, तर २० वरच राहू. मधल्या वर्षी दिवाळीपासून रोज अर्धा तास चाल आणि खुर्चीवरून हात न टेकता उठणं, दहा-दहा वेळा. गाडीवर मांड्याच कामाला येतात.

बारीकसारीक. तुमची दोघांची सिम प्रीपेड आहेत, बाहेरच्या राज्यांचं प्रीपेड जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, एकाचं पोस्टपेड करून घेऊ. खोलीत बुखारी (शेगडी) किंवा कांगडी (निखाऱ्यांची टोपली) पेटवली तर खिडकी चार बोटं उघडी ठेवा. विषारी वायू दिसत नाही आणि वासही येत नाही. विमा मी काढते, पण बर्फावरच्या गाडीचा अपघात त्यात धरला आहे का ते वाचूनच. खाजे आणि भाजलेले काजू पिशवीत ठेवा, मधल्या विश्रांतीत लागतील.

बाबांचा ईसीजी आणि आईच्या हाडांची तपासणी या महिन्यात म्हापशाला करून घ्या. कागद आले की फोटो पाठवा, मग फेब्रुवारीची तिकिटं काढते.

तुमची लेक