खिडकी उघडायला लावणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आमचा छात्रसेवाकाल, म्हणजे बी.एड.साठी शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ, शनिवारी संपला. निरोपाच्या गडबडीत तुमच्याशी नीट बोलताच आलं नाही, म्हणून हे पत्र. मुद्दाम सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण मार्गदर्शक शिक्षकांचं काम कुठल्याच कागदावर दिसत नाही. आमच्या पाठाच्या वहीत उरते ती फक्त तुमची सही. त्या सहीमागे काय असतं, हे माझ्यासारख्या बी.एड. करणाऱ्या सगळ्यांना कळावं असं मनापासून वाटतं.

जुलैतला माझा पहिला पाठ. शिवडीची शाळा, सहावीचा वर्ग, विषय 'पावसाळ्यातील एक दिवस'. दोन रात्री जागून मी २२ स्लाइड्स केल्या होत्या. हिरवे डोंगर, भाताची लावणी, इंद्रधनुष्य, पिसारा फुलवलेला मोर. मुलं एकदम खूश. वह्या गोळा केल्या, तर जवळजवळ प्रत्येक वहीत मोर नाचत होता. खाली मैदानात पाणी तुंबलं होतं, निम्मी मुलं ओल्या मोज्यांनी बसली होती, आणि त्यातलं एक अक्षरही कुणी लिहिलं नव्हतं.

तुम्ही वर्गात काहीच बोलला नाहीत. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता एवढंच म्हणालात, "चित्रानेच सगळं सांगून टाकलं, तर मुलांनी काय शोधायचं?" आणि दुसऱ्या दिवशीचा तुमचा स्वतःचा जोडतास मला देऊन टाकलात. तुमचा अभ्यासक्रम मागे पडला होता, हे मला नंतर कळलं.

बहुविध माध्यमांतून भाषा शिकवणं हा भाग मी कॉलेजात घोकून ठेवला होता. न्यू लंडन ग्रुप या अभ्यासकांच्या गटाने १९९६ मध्ये मांडलेले अर्थ घडवण्याचे पाच प्रकार मला झोपेतही सांगता आले असते: भाषिक, दृश्य, श्राव्य, हावभावांचा आणि अवकाशाचा, म्हणजे जागेच्या मांडणीचा. पण डोक्यात अर्थ एवढाच शिरला होता, की साधनं जितकी जास्त तितका पाठ चांगला. तुम्ही माझं पाठाचं टाचण घेतलंत आणि प्रत्येक कृतीपुढे लाल पेनाने एकच प्रश्न लिहिलात: "हे काढलं तर काय अडेल?" २१ स्लाइड्स तिथेच गळाल्या. उरली होती ती वर्गाच्या खिडकीतून मी काढलेल्या फोटोची. तीही तुम्ही काढायला लावलीत. खिडकी होती की समोर! साधनांशिवाय कसं जमेल, अशी मी कुरकुर केली तेव्हा तुम्ही बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांची आठवण करून दिलीत. १९४५ मध्ये बोर्डी या गावी त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा शंख-शिंपले, खडे, पानं हीच त्यांची साधनं होती.

मग तो जोडतास. खिडक्या सताड उघडल्या, सगळ्यांनी तीन मिनिटं डोळे मिटले. पाऊस कशावर पडला की कसा वाजतो, ते मुलं सांगत गेली आणि मी फळ्यावर लिहीत गेले. पत्र्यावर ताडताड, कठड्यावरून टपटप, कुणाच्या तरी चपलांचं चपकचपक. ताडपत्रीवरचा आवाज पत्र्यासारखा नाहीच, तो भदभद असतो, यावर एक मुलगी हटून बसली, आणि खरंच होतं तिचं. अनुकरणवाचक शब्द म्हणून जो व्याकरणाचा घटक मी वेगळा घेणार होते, तो बारा मिनिटांत फळाभर उतरला होता.

नंतर बाकं भिंतीला सरकवून मुलांनी फरशीवर खडूने घरापर्यंतचा रस्ता काढला. पाणी कुठे साचतं, कुठल्या दगडावर पाय द्यायचा, गटार कुठे उघडं असतं. आणि त्या नकाशावरून चालून दाखवायचं. शेवटच्या बाकावरचा तो मुलगा, ज्याच्या घरी भोजपुरी बोलतात आणि ज्याची वही कायम कोरी असायची, तो पुढे आला. चपला हातात घेतल्या, एक पाय पुढे टाकला, अंगठा डावीकडे-उजवीकडे फिरवला, आणि मगच त्या पायावर भार दिला. वर्ग शांत झाला. हा काय करतोय? "घाबरतोय." "हळू चालतोय." "चाचपडतोय!" तेव्हा मागून तुम्ही, त्या दोन तासांत एकदाच, बोललात: "चाचपडतोय की चाचपतोय?" मुलं विचारात पडली. चाचपडतो तो, ज्याला काही दिसत नाही, काही सुचत नाही. हा तर नीट तपासून पाय टाकत होता. असा फरक शब्दकोशातून मी कधीच इतका स्पष्ट करू शकले नसते.

शेवटची वीस मिनिटं तुम्ही लिहिण्यासाठी राखून ठेवायला लावली होतीत. भाषेच्या तासाला मूल शब्दांपर्यंत परत आलं पाहिजे, यावर तुम्ही ठाम होतात. त्या मुलाने दोन ओळी लिहिल्या: "मी पायाने रस्ता चाचपतो. मग आईला बोलतो, आता ये."

'बोलतो' खोडून 'सांगतो' करायला मी पेन उचललं होतं. तुम्ही माझा हात धरलात. "आज राहू दे. उद्या दोन्ही फळ्यावर लिही, मुलंच सांगतील." सांगितलंच त्यांनी.

बाई, त्या ओळी मी आजही मधेच काढून वाचते. रात्री पाऊस जोरात लागला की खिडकीशी उभी राहून कशाचा आवाज कसा येतो ते ऐकत बसते. हे मला तुमच्यामुळे लागलं. त्यासाठी, आणि त्या जोडतासासाठी, तुमचे मनापासून आभार.

तुमचा रंगीत खडूंचा डबा चुकून माझ्या पिशवीत आला आहे. येत्या शनिवारी शाळा सुटायच्या वेळी आणून देते.

तुमची,
सहावीच्या वर्गावरची छात्राध्यापिका