टेक्सासचं गणित आणि आमची तिसरी

हर्णै, ता. दापोली

प्रिय बाळ्या,
स.न.वि.वि.

तुझं लांबलचक रडगाणं वाचलं. पोराला न विचारता वरच्या गणिताला बसवलं म्हणून तू शाळेवर चिडलायस. अरे, 2023 मध्ये तुमच्या टेक्सासने कायदाच केलाय ना? पाचवीला गणितात पहिल्या 40 टक्क्यांत आलेलं पोर सहावीत आपोआप वरच्या गणिताला जातं. नको असेल तर आईबापांनी तसं कळवायचं. आमच्याकडे नेमकं उलटं. हवं असेल तर आईबापांनी मागायचं. आणि असं काही मागता येतं हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांची पोरं माझ्यासमोर बसतात.

परवाचंच सांगतो. तिसरी ते पाचवी एका खोलीत, माझ्याकडे. पाचवीला पुस्तकाबाहेरचं एक गणित घातलं: 3,400 रुपयांचं म्हावरं विकलं, दलाली शेकडा 5, तर दलाली किती? पाचवीवाले अजून समास आखतायत, तेवढ्यात तिसरीच्या रांगेतून आवाज आला, "एकशेसत्तर." म्हटलं, कसं काढलंस गो? "शंभराला पाच, म्हणजे हजाराला पन्नास. तीन हजारांचे दीडशे, नि वरच्या चारशेचे वीस." आई बंदरावर मासळी घेऊन बसते आणि लिलावाच्या वेळी ही तिच्या बाजूला असते. शेकडेवारी तिला मी शिकवलेली नाही.

दोन शिक्षकी शाळेला सगळे नावं ठेवतात. मीही ठेवतो, विशेषतः ऑनलाइन माहिती भरत बसावं लागतं तेव्हा. पण इथे तिसरीच्या कानावर पाचवीचं गणित फुकटात पडतं. तिला मी गणितापुरतं पाचवीत बसवलंय. हजेरीवर तिसरी, फळ्यासमोर पाचवी. त्यासाठी ना वेगळा वर्ग लागला, ना कुणाची मंजुरी.

अडतं ते पुढे. नवोदयला सहावीसाठी अख्ख्या जिल्ह्यातून जास्तीत जास्त 80 पोरं घेतात. पेपरात 80 प्रश्न, त्यांतले 20 अंकगणिताचे आणि 40 बुद्धिमत्तेचे. त्या 40 ना सराव लागतो, आणि सराव मिळतो तालुक्याच्या क्लासमध्ये, तोही संध्याकाळी. परतीची एसटी चुकली की झालं. त्यामुळे फॉर्मचं नाव काढताच ऐकायला मिळतं, "आमच्यान् नाय होणार, गुरुजी." काही ठिकाणी तर गुरुजीच ठरवतात कुणी बसायचं, निकालाची टक्केवारी बिघडू नये म्हणून. हे मला अजिबात पटत नाही.

तुमच्याच देशात, फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत, याचा पडताळा झालाय. आधी शिक्षकांनी किंवा पालकांनी नाव सुचवलं तरच पोराची चाचणी व्हायची. 2005 पासून दुसरीतल्या सरसकट सगळ्यांची घ्यायला लागले, आणि हुशार मुलांच्या वर्गात गरीब, काळ्या आणि हिस्पॅनिक घरांतली पोरं कितीतरी जास्त दिसू लागली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी हे आकड्यांनिशी मांडलंय. पुढे पैशांची चणचण भासली, चाचण्या आवरल्या, आणि ही पोरं पुन्हा यादीतून गळाली.

मुर्डी इथून जवळच. रँग्लर परांजपे तिथले. 1899 मध्ये केंब्रिजला सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, आलेले पहिले भारतीय. भाषणात त्यांचं नाव घेतल्याशिवाय आमचा एकही पुढारी खाली बसत नाही. पण त्यांना मुंबईला शिकायला नेलं ते मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी. नात्यातलेच, आणि स्वतः गणिताचे मास्तर! आता प्रत्येक वाडीत असा नातेवाईक कुठून आणायचा, सांग.

म्हणून यंदा नवोदयचे आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म सरसकट भरलेत, एकालाही न गाळता. "निकाल खाली येईल," असं वरून ऐकवून झालंय. येऊ दे. शिष्यवृत्तीच्या पहिल्या पेपरात 75 पैकी 50 प्रश्न गणिताचे असतात. तेवढे सोडवायला बसली तरी कुणाला काय येतं ते मला कळेल.

तू आता रागाच्या भरात पोराचं नाव काढून घेऊ नकोस. निदान दिवाळीपर्यंत थांब. रडला तर शेजारी बस, तुलाही अपूर्णांक कधी धड आले नव्हते. आणि त्याचे सोडवलेले कागद टाकू नकोस, फोटो काढून पाठव. इंग्रजीचं मी बघतो. मला पाचवीच्या बाकावरच्या त्या तिसरीवालीला पुरेल एवढा माल हवाय. माझ्याकडचा ती लवकरच संपवणार.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
मास्तर