केमोथेरपीपूर्वी दातांची तपासणी व्हावी

महोदय,

केमोथेरपी म्हटले की केस गळणे आणि उलट्या यांचीच चर्चा होते. तोंडाच्या त्रासाबद्दल रुग्णाला आधी कोणी फारसे सांगत नाही. पहिल्या केमोनंतर आठव्या दिवशी माझ्या आईचे तोंड इतके आले की वरणाचे पाणीसुद्धा झोंबू लागले आणि ताटातला मऊ भात तिने नुसता चिवडून बाजूला सारला. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर ही औषधे घाव घालतात, त्यात तोंडाचे नाजूक अस्तरही सापडते. शिवाय या औषधांमुळे रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना किडक्या दाताचा संसर्ग रक्तात पसरून जिवावर बेतू शकतो. म्हणून काढावे लागणारे दात शक्यतो उपचारांच्या दोन आठवडे आधीच काढून घ्यावेत, जखम भरायला तेवढा अवधी लागतोच. मऊ ब्रश, मीठ व खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि काही ठरावीक औषधे शिरेतून देताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने, अर्धा तास तोंडात धरलेले बर्फाचे तुकडे, एवढ्या साध्या उपायांनीही त्रास कमी होतो. आम्हाला हे दुसऱ्या फेरीत, शेजारच्या खाटेवरील बाईंकडून कळले. प्रत्येक केमो केंद्राने पहिल्याच भेटीत रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवावे आणि ही माहिती मराठीत लिहून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक