‘हवेवर चालणारं इंजिन’ नाही हो, ते उष्णतेवर चालतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाची बातमी आली होती, नववीतल्या एका मुलाने डबे, फुगा आणि अटाल्यातलं (भंगारातलं) सामान घेऊन घरीच इंजिन बनवलं. बातमी चांगली, फोटोही मोठा, पण हेडिंग वाचून मी कपाळावर हात मारला. ‘हवेवर चालणारं इंजिन, पेट्रोलची चिंता मिटणार’. अहो ते हवेवर चालत नाही आणि त्याने कुणाच्या पेट्रोलची चिंता मिटणारही नाही. फोटोत डब्याखाली मेणबत्ती पेटलेली सरळ दिसतेय, ती काय आरतीसाठी लावली होती?

माझं फ्रिज-एसी रिपेअरिंगचं काम आहे, गरमी इथून उचलून तिथे टाकायची यावरच आमचं घर चालतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय. जागा नसेल तर कुठूनही कापा, हेडिंगचा मुद्दा तेवढा ठेवा.

त्या मुलाने बनवलंय ते स्टर्लिंग इंजिन. डब्यात हवा बंद असते, तीच ती हवा, नवीन आत येत नाही आणि जुनी बाहेर जात नाही, सायलेन्सर नाही, धूर निघतो तो मेणबत्तीचा. डबा खालून गरम, वरून थंड. आत एक सैलसर बोळा वरखाली होतो, त्याला डिस्प्लेसर म्हणतात, आणि बरेच लोक त्यालाच पिस्टन समजतात पण तो पिस्टन नाही, त्याला जोर लावायचाच नसतो, हवेला जागा बदलायला लावायची एवढंच त्याचं काम. बोळा वर गेला की हवा खाली येते, तापते, फुगते आणि वर ताणून बसवलेलं फुग्याचं रबर उचलते. बोळा खाली आला की हवा वरच्या थंड बाजूला जाते, आक्रसते, रबर आत ओढलं जातं. रबर आणि बोळा दोन्ही एकाच वाकवलेल्या तारेला म्हणजे क्रँकला जोडलेले, फक्त एकमेकांच्या ९० अंश पुढेमागे. हा ९० अंशाचा फरक ठेवला नाही तर हात दुखेपर्यंत फिरवा, चालणार नाही. म्हणजे हवा इथे आपल्या इंदूरच्या सियागंज बाजारातला हमाल आहे, माल सगळा मेणबत्तीचा.

आणि हे काही कालपरवाचं नाही. रॉबर्ट स्टर्लिंग नावाच्या स्कॉटलंडच्या पाद्र्याने १८१६ साली याचं पेटंट घेतलं, तेव्हा तो पंचविशीत होता. १८१८ मध्ये त्याचं इंजिन खाणीतलं पाणी उपसायला लावलं होतं. पुढे त्याच्या भावाने, जेम्सने, डंडीच्या फाउंड्रीत १८४३ ला मोठं इंजिन बसवलं, पण सतत आगीत राहणारं गरम बाजूचं लोखंड टिकेना, तेव्हा तसलं पोलाद मिळत नव्हतं. म्हणजे आयडिया बरोबर होती, धातू मागे पडला. स्टर्लिंगच्या पेटंटातली खरी हुशारी इंजिनापेक्षा वेगळ्याच गोष्टीत होती असं मला वाटतं, गरम हवा थंड बाजूला जाताना वाटेतच आपली गरमी ठेवून जाते आणि परत येताना तीच उचलते, अशी सोय त्याने केली होती. तिला आता रिजनरेटर म्हणतात. आमच्या धंद्यातली माणसंसुद्धा हे ऐकून दोन मिनिटं गप्प होतात.

आता गंमत बघा, हेच घरी कसं होतं. बोळा बनवायला पोरं भांडी घासायची तारेची घासणी वापरतात, ती दाबून गोल करायची आणि मधून सायकलची जुनी आरी (चाकाचा स्पोक) घालायची. त्या तारेच्या जाळीतून थोडी हवा जाते आणि जाताना तार तापते, येताना निवते, म्हणजे पोराला माहीत नसतानाच स्टर्लिंगचं रिजनरेटर थोडंफार तयार झालेलं असतं! बातमीत हे यायला हवं होतं.

बाकी सामानाचंही लिहितो, कारण बातमीत ‘टाकाऊ वस्तू’ एवढंच होतं आणि त्याने कुणाला काही कळत नाही. डबा रसगुल्ल्याचा घ्यावा, तो जाड लोखंडी पत्र्याचा असतो. कोल्ड्रिंकचा कॅन कात्रीने कापायला सोपा पण ॲल्युमिनियम पातळ, आतल्या कोटिंगचा आगीवर वास येतो आणि कापलेली कड ब्लेडसारखी लागते, छोट्या मुलांना देऊ नये. बोळा आणि डब्याची भिंत यात दोन-तीन मिलिमीटर फट हवी, कमी असली तर घासतो, जास्त असली तर हवा नुसती बाजूने फिरते. क्रँक सायकलच्या आरीची. आरी आणि दोऱ्या जागेवर धरायला महाराणी रोडवर वायरिंगचे जे कनेक्टर मिळतात, प्लॅस्टिकच्या पट्टीत पितळी स्क्रूवाले, त्यातलं प्लॅस्टिक सोलून काढलं की छोटे पितळी कॉलर मिळतात, याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. बोळ्याला वर ओढायला मासे पकडायच्या गळाची नायलॉन दोरी, कारण ती जिथून आत जाते ते भोक इतकं बारीक पाहिजे की दोरी सैल सरकेल पण हवा निसटणार नाही. चाकाला जुनी सीडी चालते. जोडायला एमसील चालतं पण फक्त थंड बाजूला. गरम बाजूला गाडीच्या मेकॅनिककडचं गॅस्केटला लावायचं लाल सिलिकॉन घ्या. लीक शोधायचा असेल तर आमच्यासारखं करा, साबणाचं पाणी लावा आणि बुडबुडे कुठे येतात बघा, नुसतं कान लावून काही कळत नाही.

ज्यांना क्रँकची भानगड नको त्यांच्यासाठी अजून सोपं आहे. एक टेस्टट्यूब, आत चार-पाच गोट्या, तोंडाला बूच आणि बुचातून नळी काढून काचेच्या सिरिंजला जोडलेली. काचेचीच हवी, प्लॅस्टिकची अडकते. ट्यूब मधोमध सीसॉसारखी टेकवायची, बंद टोकाखाली स्पिरिटचा दिवा आणि बुचाच्या बाजूखाली सिरिंज. बुचाची बाजू खाली असली की गोट्या तिकडे जमतात, हवा दिव्याच्या बाजूला जाऊन फुगते, सिरिंज ती बाजू वर ढकलते, मग गोट्या गडगडत गरम टोकाला जातात, हवा थंड बाजूला येऊन आक्रसते, बाजू पुन्हा खाली. खटक, खटक, खटक चालूच. इथे गोट्याच डिस्प्लेसर. दिव्याजवळ मोठ्यांनी बसायचं, हे वेगळं सांगायला नको.

आता दुसरी तक्रार. बातमीत होतं की परीक्षकांनी विचारलं, याने पंखा चालेल का, आणि मुलगा गप्प राहिला. प्रश्नच चुकीचा होता साहेब. छताचा साधा पंखा ७०-७५ वॅट खातो. असं डब्याचं इंजिन वॅटचा एखादा बारीक अंश देतं, छोटा लाल एलईडी लागला तरी नशीब समजायचं, त्याला ०.०२ ते ०.०४ वॅट पुरतात. जास्त पॉवर हवी तर आत हवा दाबून भरावी लागते, आणि घरच्या डब्यात दाब भरणं हा जिवाशी खेळ आहे, कुणी करू नये. मोठ्या माणसांनी ते केलंय, फिलिप्स कंपनीने रेडिओ चालवायला दोनशे वॅटच्या आसपासचा स्टर्लिंग जनरेटर बनवला होता, पण बॅटरीवरचे ट्रान्झिस्टर रेडिओ आले आणि त्याला कुणी विचारेना. स्वीडनच्या गॉटलँड पाणबुड्या याच इंजिनावर बॅटरी चार्ज करतात, १९९६ पासून, म्हणून त्यांना सारखं वर यावं लागत नाही. आणि हेच इंजिन मोटर लावून उलटं फिरवलं तर एक बाजू गार पडते, फिलिप्सने तसल्या मशीनने हवाच द्रवरूप करून दाखवली, मला तर हेच सगळ्यात आवडतं, पण तो आमच्या धंद्याचा दोष असेल.

मुलाला विचारायला हवं होतं की पाच मिनिटांनी इंजिन हळू का होतं. त्याने बनवलंय म्हणजे त्याला उत्तर माहीत असणार, वरची बाजूही हळूहळू तापते, फरक कमी होतो, पाणी नाहीतर बर्फ ठेवला की पुन्हा पळतं. अख्खं थर्मोडायनॅमिक्स यात आलं. ३०० अंश आणि ४० अंश यांच्यामध्ये चालणाऱ्या कुठल्याही इंजिनाला मिळालेल्या उष्णतेतली ४५ टक्क्यांच्या वर कामाला लावता येत नाही, मग ते कुणीही बनवो, आणि ८० अंशांचा गरम चहा खाली आणि आपली मे महिन्यातली हवा वर असली तर ही मर्यादा अकरा-बारा टक्क्यांवर येते. तरी चहाच्या कपावर चालणारी इंजिनं असतात, झाग्रेबच्या इवो कोलिन यांनी १९८३ मध्ये नुसत्या गरम पाण्यावर इंजिन चालवून दाखवलं होतं.

शाळांना एक विनंती. ऑनलाइन तयार पितळी मॉडेल मिळतं, काही पालक तेच मागवून टेबलावर ठेवतात आणि ते अर्थातच या रसगुल्ल्याच्या डब्यापेक्षा चकाचक दिसतं आणि छान फिरतं. विकत आणलेल्याचं टेबल वेगळं करा. घरी बनवलेलं न फिरलं तरी मार्क द्या, का फिरलं नाही हे मूल सांगू शकलं तर जास्त द्या.

आणि महापालिकेला एक विनंती. २०१७ पासून स्वच्छतेत आपलं नाव आहे, कचरा सकाळीच गाडीत जातो, चांगलंच आहे, पण पोराला जुना डबा हवा असला की घरात तो सापडत नाही, अटालेवाला किलोवर तोलून घेऊन गेलेला असतो. आरआरआर सेंटरवर (जुन्या वस्तू पुन्हा वापरासाठी गोळा करतात तिथे) जुने कपडे, पुस्तकं, खेळणी घेतात, तिथे एक कप्पा शाळेच्या मुलांसाठी ठेवा, डबे, सायकलच्या आऱ्या, बंद पडलेले डीव्हीडी प्लेअर आणि मुख्य म्हणजे कॉम्प्युटरच्या जुन्या हार्ड डिस्क. हार्ड डिस्कच्या आत आरशासारखी चकती असते आणि तिचं बेअरिंग इतकं हलकं फिरतं की या इंजिनाला त्याहून चांगलं चाक बाजारात विकत मिळत नाही. उघडायला चांदणीच्या आकाराचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, जेल रोडला मोबाइलवाल्यांकडे मिळेल.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर