जिद्दीचे कौतुक झाले, आता हिशेबही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

लांब पल्ल्याची ट्रायथलॉन पूर्ण करणाऱ्यांच्या बातम्या हल्ली क्रीडापानांवर वरचेवर दिसतात. ३.८ किलोमीटर पोहायचे, बाहेर येऊन १८० किलोमीटर सायकल मारायची आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन धावायची, तेही बहुतेक ठिकाणी १७ तासांच्या आत. कौतुक व्हायलाच हवे. पण या बातम्यांत ‘जिद्दीच्या जोरावर’ हे शब्द ठरलेले असतात आणि नवख्यांचे नुकसान तिथेच होते. बातमी वाचून नाव नोंदवणारा मनाची तयारी करतो. पोटाची, पाण्याची आणि वेगाची तयारी राहून जाते. प्रशिक्षणाच्या कामात असलेल्या आम्हा मंडळींना ठामपणे वाटते की ही शर्यत हिशेबाची आहे. जिद्दीची खरी गरज शेवटच्या दहा किलोमीटरला लागते. त्याआधीचे २१६ किलोमीटर हिशेबावर निघतात.

या खेळाची जी प्रतिमा लोकांच्या मनात बसली आहे तिचे मूळ जुने आहे. १९७८ मध्ये हवाईतल्या ओआहू बेटावर जूडी आणि जॉन कॉलिन्स या दांपत्याने तिथल्या पोहण्याच्या, सायकलच्या आणि मॅरेथॉनच्या स्पर्धांची अंतरे एकत्र जोडली. १५ जण उतरले, १२ जणांनी पूर्ण केली. मग फेब्रुवारी १९८२ मध्ये याच शर्यतीत महिलांमध्ये आघाडीवर असलेली ज्युली मॉस अंतिम रेषेच्या तोंडाशी कोसळली, मागून कॅथलीन मॅकार्टनी पुढे निघून गेली आणि ज्युली रांगत रेषेपर्यंत पोचली. हे दृश्य टीव्हीवर दाखवले गेले आणि खेळ घरोघरी माहीत झाला. त्या धैर्याला तोड नाही. मात्र तेव्हापासून रांगत येणे हाच या शर्यतीचा आदर्श असल्यासारखे लिहिले जाते. पाय साथ देईनासे होतात तेव्हा शरीर काहीतरी ठोस सांगत असते: साखर संपली, अंग तापले, नाहीतर क्षार-पाण्याचा तोल गेला. यातले बरेचसे टाळता येते.

आधी खाण्याचे पाहू, कारण सर्वाधिक शर्यती तिथे बिघडतात. स्नायू आणि यकृत मिळून ग्लायकोजेनचा, म्हणजे शरीराने साठवलेल्या साखरेचा, साठा साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, म्हणजे दोन हजार कॅलरींच्या आत. शर्यतीचा खर्च आठ ते दहा हजार कॅलरी. बराच भार चरबी उचलते, पण वेग वाढला की शरीर साखरेकडे वळते, आणि ती तोंडावाटेच पुरवावी लागते. सायकलवर दर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदके हे आज सर्वमान्य माप आहे. एकट्या ग्लुकोजची शोषणाची मर्यादा तासाला सुमारे ६० ग्रॅम. फ्रुक्टोज आतड्यातून वेगळ्या वाटेने आत जाते. म्हणून ६० च्या वर जायचे तर दोन्हींचे मिश्रण असलेले पेय किंवा जेल (पाकिटातला साखरेचा घट्ट पाक) हवे, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोनास एक किंवा जवळपास समसमान प्रमाणात. सहा तासांच्या सायकलिंगला ताशी ७५ ग्रॅम धरले तर ४५० ग्रॅम होतात. जेलच्या एका पाकिटात बहुधा २० ते ३० ग्रॅम असतात. वेष्टन वाचून बेरीज कागदावर मांडावी आणि कोणती बाटली कितव्या तासाला संपायला हवी ते लिहून ठेवावे. सायकलवर बसल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नाडी स्थिरावली की सुरुवात करायची आणि पुढे घड्याळाच्या गजरावर दर १५ मिनिटांनी थोडे थोडे घ्यायचे. भूक लागण्याची वाट पाहणारा चौथ्या तासाला संपतो.

पोट बिघडते ते का? श्रमात रक्त स्नायूंकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्यांना कमी मिळते. अशात दाट पेय किंवा पाण्याविना दोन जेल पोटात गेली की ती तिथेच पडून राहतात, उलट पाणी ओढून घेतात; मग डचमळते, मळमळते. त्यावर आणखी खाणे हा उपाय नाही. वेग दहा-पंधरा मिनिटे खाली आणावा, फक्त पाण्याचे छोटे घोट घ्यावेत, नाडी उतरली की पुन्हा निम्म्या मात्रेने सुरू करावे. आतड्यांनाही सराव लागतो. शर्यतीच्या आठ-दहा आठवडे आधी लांब सायकलिंगच्या दिवशी ताशी ४० ग्रॅमपासून सुरुवात करून दर दोन आठवड्यांनी १० ग्रॅम वाढवावेत. आयोजक पाणवठ्यावर कोणते पेय देणार हे आधी विचारून सराव त्याच पेयावर करावा. शर्यतीच्या सकाळी भेट मिळालेले नवे जेल फोडू नये.

पाण्याच्या बाबतीत ‘भरपूर प्या’ हा सल्ला छापला जातो. तो अपुरा आहे आणि कधीकधी घातकही ठरतो. घामाचा वेग मोजणे सोपे आहे. शर्यतीसारख्या हवेत, शर्यतीच्या वेगाने तासभर व्यायाम करा. आधी आणि नंतर अंग पुसून, कपड्यांविना वजन घ्या. ६८.० किलोचे ६७.१ झाले आणि मधे अर्धा लिटर प्यालात, तर तासाला १.४ लिटर घाम गेला (मधे लघवी झाली असेल तर तेवढी वजा). हा सगळा घाम भरून काढायचा नसतो. पोटाला तो झेपतही नाही. शेवटी वजन थोडे उतरलेले असणे योग्य. वजन वाढले असेल तर मात्र धोक्याची घंटा आहे, कारण गरजेपेक्षा जास्त पाणी पिऊन रक्तातले सोडियम पातळ झाले असण्याची शक्यता असते. बोटे सुजतात, अंगठी घट्ट होते, डोके दुखते, उलट्या होतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. बघणाऱ्याला वाटते ऊन लागले, आणि तो पाण्याची बाटली पुढे करतो. अशा वेळी साधे पाणी देणे म्हणजे आगीत तेल ओतणे. रुग्णाला थेट वैद्यकीय तंबूत न्यावे. मिठाच्या गोळ्या घामातले क्षार काही अंशी भरून काढतात, पण अतिरिक्त पाणी पिण्यावर तो उतारा नाही. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: शर्यतीत आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. पाणी कमी झालेल्या शरीरात त्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि सोडियम घसरण्याचा धोकाही वाढवतात.

आता सायकलचा वेग. एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी कमाल ताकद, २२० वॉट असलेला स्पर्धक घ्या. त्याने ६५ ते ७२ टक्क्यांत राहावे. ७० टक्के म्हणजे १५४ वॉट, आणि समजा सपाट रस्त्यावर त्याला तेवढ्यात ताशी ३० किलोमीटरचा वेग मिळतो. १८० किलोमीटरला सहा तास. त्याला मोह होतो ३१ चा. हवेचा विरोध भेदायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. टायरचे घर्षण धरूनही ३१ साठी साधारण १६८ वॉट लागतात, म्हणजे एफटीपीच्या ७६ टक्के. वाचतात किती? जेमतेम १२ मिनिटे. त्या १२ मिनिटांसाठी जास्त साखर जळते, अंग जास्त तापते, पोट कमी पचवते आणि मॅरेथॉनच्या दुसऱ्या अर्ध्यात चालत सुटावे लागले तर अर्धा-पाऊण तास सहज जातो. आघाडीचे खेळाडू यापेक्षा वरच्या टक्क्यांत चालवतात, पण ते साडेचार तासांच्या आत उतरतात. त्यांचा आकडा सात तास सायकलवर असणाऱ्याने उचलू नये. चढावर ८५ टक्क्यांच्या वर जाऊ नये, उतारावर पाय मोकळे सोडावेत. पॉवर मीटर (पॅडलवरची ताकद वॉटमध्ये मोजणारे यंत्र) नसेल तर हृदयगतीवर आणि श्वासावर चालते: पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. पहिले ४० किलोमीटर संथ वाटले तर ठीक चालले आहे असे समजावे.

वेळमर्यादेचे गणितही याच जागी घट्ट असते. अनेक स्पर्धांत पोहायला २ तास २० मिनिटे आणि सुरुवातीपासून साडेदहा तासांत सायकल संपवायची असते. पाण्यातून शेवटच्या क्षणी निघालेल्याला, कपडे बदलण्याची दहा मिनिटे वजा केली तर, सायकलला आठ तास उरतात; थांबे धरून सरासरी ताशी २२.५ किलोमीटर. सरावात, वाऱ्यात, एकट्याने हा वेग निघत नसेल तर वर्षभर थांबावे.

पोहणे अंतराने सर्वात लहान, पण जिवाचा धोका तिथे सर्वात जास्त. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या मृत्यू आणि हृदय बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आहे. त्यांतल्या ९० पोहताना घडल्या. म्हणून चाळिशीपुढच्यांनी आणि घरात हृदयविकार असलेल्यांनी नाव नोंदवण्याआधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. तलावातला सराव पुरत नाही: उघड्या पाण्यात तळ दिसत नाही, रेषा नसते, अंगावर लाथा-कोपर बसतात. सुरुवातीच्या गर्दीत श्वास अडकतो तो बहुधा थंड पाणी, घट्ट गळ्याचा वेटसूट (पोहण्याचा रबरी पोशाख) आणि पहिल्या दोनशे मीटरची घाई यांमुळे. शक्य असेल तर आधी पाच-दहा मिनिटे पाण्यात उतरून तोंड बुडवून श्वास पूर्ण बाहेर सोडण्याचा सराव करावा, कडेने सुरुवात करावी, दर सहा ते दहा हातांनी डोके उचलून बोया (मार्गाची तरंगती खूण) पाहावा. घाबरल्यास उताणे व्हावे, हात वर करावा, मदतीला असलेली कायाक (छोटी होडी) धरावी. पुढे सरकण्यासाठी तिचा उपयोग केला नाही तर कायाक धरायला नियमाची आडकाठी नसते, हे अनेकांना ठाऊकच नसते. खोकल्यातून गुलाबी फेस आला किंवा थांबूनही धाप उतरेना, तर फुफ्फुसात पाणी साचत असल्याची ती खूण असू शकते. तिथेच शर्यत सोडावी.

नियमांचे थोडक्यात. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही आणि सायकल परत अडकवल्याशिवाय तो सोडायचा नाही. पुढच्या सायकलमागे ठेवायचे अंतर बहुतेक ठिकाणी १२ मीटर असते, ओलांडायला २५ सेकंद मिळतात. त्याहून रेंगाळलात की दंड. आपल्या स्पर्धेचे पुस्तक शब्दन् शब्द वाचावे.

पंक्चर कोणालाही चुकलेले नाही. दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर रिमवरून उचकटायच्या पट्ट्या), १६ ग्रॅमची दोन गॅस काडतुसे आणि रिम खोल असेल तर पुरेशा लांब व्हॉल्व्हच्या ट्यूब, एवढे जवळ हवे. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट हळू फिरवून काटा किंवा काच शोधावी. हे न केल्याने दुसरी ट्यूब दोन किलोमीटरवर बसते. ट्यूबमध्ये आधी तोंडाने जराशी हवा भरली तर ती लिव्हरखाली चिमटत नाही. गॅस सोडण्याआधी टायरची कड दोन्ही बाजूंनी रिममध्ये बसली आहे हे पाहावे. सायकल खोक्यात घालून नेली असेल तर मागच्या डिरेल्युअरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो ज्यावर अडकवतात ती पट्टी, वाकलेला असू शकतो. सपाटीवर काही जाणवत नाही, पहिल्या चढावर मागच्या सर्वात मोठ्या दातेरी चाकावर चेन टाकली की डिरेल्युअर आऱ्यांत जातो आणि दिवस संपतो. जोडणी झाल्यावर सगळे गिअर, थोडा जोर देऊन, आदल्या दिवशी रस्त्यावर तपासावेत. एक जादा हँगर सामानात असावा.

मॅरेथॉनच्या पहिल्या पाच किलोमीटरला सायकलवरून उतरलेले पाय फसवतात, वेग कमी वाटतो आणि प्रत्यक्षात जास्त असतो. घड्याळ पाहून ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरला १० ते १५ सेकंद सावकाश धावावे. प्रत्येक पाणवठ्यावर ३० ते ४० पावले चालत खावे-प्यावे, उन्हात बर्फ टोपीत आणि मानेवर ठेवावा. ठरवून चालणारा बहुधा शेवटपर्यंत धावू शकतो.

या सगळ्याला सहा ते आठ महिने, आठवड्याला दहा ते पंधरा तास आणि दर चौथ्या आठवड्याला हलका सराव लागतो. मॅरेथॉन आधी धावलेल्याने सराव-धाव अडीच-तीन तासांपुढे नेऊ नये. दुखापत जास्त, लाभ थोडा.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पूर्ण करणाऱ्याची मुलाखत घेताना एकूण वेळेसोबत मॅरेथॉनच्या पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्याची वेळ वेगवेगळी विचारावी, ताशी काय खाल्ले ते विचारावे, त्या दिवशीचे तापमान आणि किती जणांना शर्यत सोडावी लागली तेही छापावे. शर्यत सोडलेल्या एखाद्याशीही बोलावे. दोन्ही अर्ध्यांत दहा मिनिटांचाच फरक असेल, तर त्या स्पर्धकाचे दिवसभराचे वेळापत्रक चौकटीत द्यावे; पुढच्या वर्षी नाव नोंदवणारे ते कात्रण जपून ठेवतील.

आपले नम्र,
लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचे काही प्रशिक्षक